लाल पट्टा आणि दोन पाणाडे

संपादकांचा निरोप आला: डोंगर कसे होतात आणि तुमच्या नोकरीत काय काय घडलं यावर लिहा, पण फराळ करता करता वाचता येईल असं लिहा. म्हणजे डोंगरही हवा आणि तो चकलीइतका हलकाही हवा. आयुष्य दगडांत घालवलेल्या माणसाकडून लोकांची एवढीच अपेक्षा असते. लग्नाच्या पंगतीत कोणी ओळख करून दिली की शेजारचा विचारतो, "भूशास्त्र? म्हणजे विहिरीचं पाणी बघता का?" नाही म्हटलं तर त्याला प्रश्न पडतो की मग हा माणूस करतो तरी काय. हो म्हटलं तर जिलबी संपायच्या आत तो आपल्या प्लॉटचा पत्ता सांगायला लागतो.

तेव्हा आधी डोंगरांचं उरकून घेतो. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांनी तोवर करंजी खावी.

दगड वाकतो, यावर कोणाचा विश्वास बसत नाही. गुळाची ढेप घ्या. तिच्यावर बत्ता घातला तर तिचे तुकडे होतात. तीच ढेप वैशाखातल्या उकाड्यात पोत्याच्या ओझ्याखाली ठेवून विसरून जा. काही महिन्यांनी ती पसरलेली, एका अंगाला कललेली सापडते आणि भेग बहुधा एकही नसते. जमिनीच्या पोटात खोलवर दगडाचं तेच होतं. वर प्रचंड ओझं, खाली ऊब, आणि घाई कोणालाच नाही. त्यात दोन्ही बाजूंनी रेटा बसला की थर वाकतात, त्यांच्या घड्या पडतात आणि त्या वर उचलल्या जातात. सतरंजी दोन टोकांनी ढकलून पाहा, हिमालय घरच्या घरी होतो.

आपला सह्याद्री या जातीचा नव्हे. इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा आला, पसरला आणि थिजला. मग बराच काळ काहीच झालं नाही. त्या काळात वरचा दगड ऊन-पावसानं कुजून त्याची माती झाली. तेवढ्यात पुढचा लाव्हा आला, त्या मातीवर पसरला, आणि माती भाजून विटेसारखी लाल झाली. पुन्हा शांतता, पुन्हा लाव्हा. सारवलेल्या जमिनीवर सारवणाचे थर चढत जातात तसं हे चाललं. पुढे पश्चिमेची कड उचलली गेली, पावसानं ती चिरत नेली, आणि उरलं त्याला आपण डोंगर म्हणतो. म्हणजे सह्याद्री उभारलेला कमी आणि कोरलेला जास्त. खंडाळ्याच्या घाटात गाडी हळू होते तेव्हा खिडकीतून हे सगळं उघडं दिसतं, थरावर थर, बहुतेक आडवे. पण लोक त्या वेळी चिक्कीचा भाव करत असतात.

एवढं समजलं तर पुढचं समजेल. हे एका डॉक्टरेट मिळवलेल्या गृहस्थांना समजलं नाही, म्हणून तर पुढचं घडलं.

पन्नासच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. त्याआधी तिथे बाजरी, बाभळी आणि मेंढरं. मी पदवी घेऊन एका कंपनीत लागलो होतो. माझं काम पायाचे खड्डे बघण्याचं: खाली कातळ लागला की मुरूम, हे सांगायचं. चिंचवड स्टेशनावर उतरायचं, सायकल काढायची आणि दिवसभर खड्ड्यांत डोकावत हिंडायचं. माळावरचे लोक मला 'दगडसायब' म्हणत. त्यात आदर किती आणि कीव किती हे मी कधी विचारलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटत. एका कारखानदारानं मला मुद्दाम बोलावून विचारलं, की इथे पूर्वी लाव्हा आला होता तर तो पुन्हा आल्यास विमा मिळेल का. दुसरा एक जण खड्ड्यात सापडलेला पांढरा स्फटिक रुमालात बांधून आला आणि दार लावून घेऊन म्हणाला, "कोणाला बोलू नका, हिरा आहे." या काळ्या दगडाच्या पोकळीत असले स्फटिक ठिकठिकाणी सापडतात. मी सांगितलं तर मी त्यात वाटा मागतोय अशी त्याची समजूत झाली. तिसऱ्यानं कुंपणाच्या भिंतीची दिशा होकायंत्र कातळावर ठेवून आखली. आपल्या दगडात लोखंडाचा अंश असतो, काही ठिकाणी तो होकायंत्राची सुई हवी तशी फिरवतो. भिंत वाकडी गेली ती गेलीच. वाकडेपणा लपवायला त्यानं पुढे गुलमोहर लावले.

पण सगळ्यांवर कडी केली ती विहिरीच्या प्रकरणानं.

कंपनीनं घेतलेल्या जमिनीत सोपानराव नावाच्या शेतकऱ्याची विहीर होती. तिच्याभोवती त्याच्या भावकीची पाच-सहा घरं. घरं कंपनीच्या हद्दीबाहेर राहत होती, पण विहीर नेमकी कारखान्याच्या यांत्रिक घणाच्या शेडखाली येत होती. कंपनीच्या मालकांनी शब्द दिला, की वरच्या अंगाला नवी विहीर खणून देऊ, तिला पाणी लागलं की जुनी बुजवू. मात्र शेडचं काम सुरू होईपर्यंत पाणी लागलं नाही, तर जुनी बुजणारच. मग वस्तीनं नदीपलीकडे जाऊन भाड्याच्या खोल्या बघायच्या. सोपानरावांचा मुलगा कंपनीत लागणार होता, त्यामुळे ते खोल्यांनाही अर्धे तयार होते. त्यांची बायको अनुसयाबाई तयार नव्हत्या.

"माझ्या सासऱ्यानं खांदलीया ही इहीर," त्या मला म्हणाल्या. "नवी नवरी व्हते तवा उंबऱ्याला लावायला गेरू काडला तो हिच्यातनंच. खोलीत जाऊन नळाचं पानी प्यायचं आन् मरायचं व्हय?"

गेरू म्हणजे तोच लाल थर. विहिरीच्या भिंतीत, पाण्याच्या जरा वर, हातभर जाडीचा लाल पट्टा स्पष्ट दिसत होता. भाजलेली माती पाण्याला खाली जाऊ देत नाही. वरच्या फुटक्या दगडातून झिरपलेलं पाणी त्या पट्ट्यावर अडतं आणि आडवं सरकत विहिरीत येतं. झरा म्हणतात तो हाच. तो पट्टा मी उतरून पाहिला, वर आलो, तिपाईवर दुर्बीण लावली आणि नवी जागा जुनीपेक्षा किती उंच आहे ते काढलं. दोन परस उंच निघाली. परस म्हणजे पुरुषभर उंची, विहिरी त्याच मापात मोजतात. जुन्या विहिरीत पट्टा सहा परसांवर होता, म्हणजे वरच्या माळावर तो आठ परसांवर लागायला हवा. थर आडवे आहेत, हिशेब संपला.

"कुठं खणायचं?" आमच्या मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"कुठंही," मी म्हणालो. "फक्त आठ परसांच्या आत थांबू नका."

त्या दिवशी मला एक धडा मिळाला. जो माणूस काठी रोवून 'इथे' म्हणतो त्याला लोक चहा देतात. 'कुठंही' म्हणणाऱ्याला पाणीसुद्धा विचारत नाहीत. मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसा काही मी कामचुकारपणाच केला.

सोपानराव तर दुखावलेच. "सायब, कुटंही म्हंजी? आमचा संसार हाय त्यो. पुन्याला शिकला आन् कुटंही सांगता व्हय?"

मी भाकऱ्यांचा दाखला दिला. भाकऱ्यांच्या चळतीत सुरी कुठेही खुपसा, तिसरी भाकरी तिसरीच लागणार. अनुसयाबाई म्हणाल्या, "आन् एकांदी भाकर मदीच तुटल्याली आसली तर?"

मला भीती होती ती त्याचीच. लाल थर म्हणजे काही सरकारी रस्ता नव्हे. जुनी माती जिथे साचली तिथे तो असतो, पुढे विरूनही जातो. मी खरं ते सांगितलं, की बहुतेक लागेल. 'बहुतेक' या शब्दाला माळावर किंमत नव्हती. म्हणून कंपनीनं जाणकार बोलावले. दोन.

पहिले ते डॉक्टरेटवाले गृहस्थ, डॉक्टरसाहेब. परदेशातल्या बर्फाच्या डोंगरांवर राहून त्यांनी वाकलेल्या थरांचा अभ्यास केला होता. हातोडीला चामड्याचं म्यान होतं, मागे थर्मास घेऊन शिपाई होता. ओढ्याच्या कडेला उभे राहून त्यांनी काठीनं दरड दाखवली. तिथे मुरमात कमानीसारखे पापुद्रे दिसत होते, एकावर एक.

"पाहिलंत? घडी आहे ही. भूगर्भातला रेटा. ही घडीची कमान, म्हणजे त्या बाजूला घडीची खोळ, खालचा खोलगट भाग, असणार, आणि पाणी खोळीतच साठतं."

ते पापुद्रे कसले होते ते सांगतो. काळा दगड कुजताना बाहेरून आत, कांद्यासारखा सोलत जातो. मध्ये गोटा उरतो आणि भोवती पापुद्रे. पावसानं अर्धी दरड ढासळली की उरलेला अर्धा कांदा कमानीसारखा दिसतो. मी दबकत तसं म्हणालो. डॉक्टरसाहेब हसले आणि मॅनेजरसाहेबांना इंग्रजीतून म्हणाले, की तरुण माणसांना लहान गोष्टी दिसतात, मोठ्या दिसत नाहीत. मोठी गोष्ट म्हणजे तो कांदा.

दुसरे गेनूबुवा, शेजारच्या गावचे पाणाडे, म्हणजे जमिनीतलं पाणी दाखवणारे. त्यांनी चपला काढल्या, तळहातावर नारळ आडवा ठेवला आणि डोळे मिटून माळ चालायला सुरुवात केली. एका जागी नारळ उभा राहिला. बुवांचा अंगठा तेव्हा काय करत होता ते मला दिसत होतं, पण मी बाजूला उभा होतो आणि बाकी सगळे हात जोडून समोर.

आता पंचाईत अशी, की डॉक्टरसाहेबांची खोळ एकीकडे आणि बुवांचा नारळ दुसरीकडे. डॉक्टरसाहेब मोठ्या लोकांच्या ओळखीचे, आणि बुवांना दुखवलं तर गावातले मजूर कामावर येणार नाहीत. मॅनेजरसाहेबांनी यावर जो तोडगा काढला तसा मी पुढे सगळ्या नोकरीत पाहिला नाही. त्यांनी दोन्ही जागांमध्ये फीत धरली आणि बरोबर मधोमध खुंटी ठोकली. ती जागा डॉक्टरसाहेबांच्या शास्त्रात बसत नव्हती आणि बुवांच्या नारळातही नाही. दोघांचा मान मात्र राहिला. मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. माझ्या मते कुठंही चालणार होतं.

खोदाई सुरू झाली. आधी मुरूम, मग गोटे, मग पाच परसांवर काळा, अखंड, बिनभेगेचा कातळ. सुरुंग लावला तर फक्त टवके उडत. पहारींची टोकं बोथट होत, आणि टोळीचा मुकादम रोज संध्याकाळी त्या लोहाराकडे नेताना माझ्याकडे बघून थुंके. हा कातळ म्हणजे वरच्या लाव्ह्याचा मधला घट्ट भाग होता. तो लागणारच होता, आणि त्याखालीच लाल पट्टा असायला हवा होता. असायला हवा होता, एवढंच मी म्हणू शकत होतो.

डॉक्टरसाहेब आले, काठावरून वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आपण घडीच्या खांद्यावर आहोत. इथे काही नाही." गेनूबुवा आले आणि म्हणाले, की आपण दाखवलेली जागा ही नव्हेच. हे मात्र खरं होतं. मॅनेजरसाहेबांनी काम थांबवलं. शेडचे खांब येऊन पडले होते. जुन्या विहिरीत टाकायला खडी-मातीचे ट्रक आले.

मी तिथे गेलो तेव्हा अनुसयाबाई जुन्या विहिरीच्या काठावर ट्रककडे पाठ करून बसल्या होत्या. सोपानराव बाजूला उभे राहून, "उठ गं, लोक बगत्यात," असं हळूच म्हणत होते. ट्रकवाला बिडी ओढत वाट पाहत होता. त्यालाही बाईला उठ म्हणवत नव्हतं.

"दगडसायब," त्या म्हणाल्या, "तुमी म्हनला व्हता कुटंही लागंल. मग थांबला का?"

मला राग आला. बाईंचा नाही. जी माणसं कांद्याला डोंगर म्हणतात आणि नारळाला यंत्र, त्यांच्या शब्दावर ट्रक हलतात, आणि माझ्या शब्दावर पहार हलत नाही, याचा. तीन परस कातळासाठी ही बाई भाड्याच्या खोलीत जाणार होती. मग मी असल्या माणसांना जी भाषा कळते ती बोलायचं ठरवलं.

डॉक्टरसाहेब बंगल्याच्या व्हरांड्यात चहा घेत होते. मी हात बांधून उभा राहिलो. "सर, आपली घडी अगदी बरोबर आहे. मी उगाच शंका घेतली. मला आता वाटतं, की आपण खांद्यावर नाही, खोळीवरच आहोत. फक्त खोळीचा तळ जरा खाली आहे. तीन परस, फार तर."

डॉक्टरसाहेबांनी कप खाली ठेवला. चेहरा उजळला. "मी तेच म्हणणार होतो," ते म्हणाले.

मी तसाच मॅनेजरसाहेबांकडे गेलो आणि सांगितलं, की डॉक्टरसाहेबांना अजून तीन परस हवेत. जे आठ परस माझ्या तोंडून त्यांना कामचुकारपणा वाटले होते, ते डॉक्टरसाहेबांच्या नावानं लगेच शास्त्र झाले. ट्रक बाजूला लागले. मुकादमानं पुन्हा पहारी उचलल्या. याची मला कधी लाज वाटली नाही. खोट्या नाण्यानं बाजार चालत असेल तर खरं नाणं खिशात ठेवून उपाशी मरायचं कशाला?

पुढचे दिवस मात्र माझी झोप उडाली. पट्टा विरला असेल तर डॉक्टरसाहेबांचं काही बिघडणार नव्हतं, ते नवी घडी काढतील. बिघडणार होतं ते काठावर बसलेल्या बाईंचं. त्या रोज येऊन वर येणाऱ्या पाट्यांत डोकावत. पाटीत काळा चुराच असे.

एका दुपारी चुरा ओला आला. त्यानंतरच्या पाटीत काळ्या दगडाला लाल चिखल चिकटलेला. खालून मुकादम ओरडला, की पायाखाली गार लागतंय. अनुसयाबाईंनी पाटीतला चिखल बोटांत घेतला, चोळला, नाकाशी नेला.

"ह्यो आमच्या इहिरीतला गेरू हाय," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत खाली मुकादमाच्या गुडघ्याएवढं पाणी होतं. मी फीत सोडून खोली मोजली. आठ परसांना हातभर कमी. हातभराची चूक कशी झाली याचा मी अजूनही विचार करतो.

मग समारंभ झाला, मांडव घालून. डॉक्टरसाहेबांना शाल मिळाली आणि त्यांनी पर्वतांच्या जन्मावर भाषण केलं. समोर बसलेल्या मजुरांनी ते शांतपणे ऐकलं, कारण नंतर जेवण होतं. गेनूबुवांना फेटा मिळाला. जागा त्यांची नव्हती हे त्यांना आता आठवत नव्हतं. मॅनेजरसाहेबांनी दोन्ही जाणकारांच्या सल्ल्याचा सुवर्णमध्य काढल्याबद्दल मालकांनी त्यांचं कौतुक केलं. माझ्याकडे पेढे वाटण्याचं काम होतं.

डॉक्टरसाहेबांनी पुढे त्या घडीवर निबंध छापला. पाण्यानं सिद्धान्त सिद्ध केला, असं त्यात म्हटलं होतं. कितीतरी वर्षांनी मी तोंडी परीक्षा घ्यायला बसलो असताना एका मुलानं मला ती घडी छातीठोकपणे समजावून सांगितली, जागेसकट. मी त्याला पास केलं. त्यानं वाचलं होतं ते बरोबर पाठ केलं होतं, आणि त्या घडीचा तळ तीन परस खाली नेऊन ठेवणारा मीच होतो.

पण हे सगळं नंतरचं. समारंभ संपल्यावर ट्रक पुन्हा जुन्या विहिरीकडे वळले, आणि या वेळी त्यांना अडवायला कारण नव्हतं. शब्द पाळला गेला होता. खडी पडायला लागली तसा आवाज मांडवापर्यंत येत होता. अनुसयाबाई नव्या विहिरीपाशी होत्या, बोटांना गेरू लागलेला. मला वाटलं, त्या रडतायत. जवळ गेलो तर त्या विहिरीत वाकून लाल पट्टा बघत होत्या.

"सायब, एक इचारू? ह्यो पट्टा तिथनं हितवर आला कसा?"

"तो आला नाही," मी म्हणालो. "तो पहिल्यापासून इथे होताच. तुमच्या विहिरीतून निघून हा माळाखालून सलग जातो. शेडच्या खालून, रस्त्याच्या खालून. तुमच्या सासऱ्यांनी तिकडे भोक पाडलं, आपण इकडे पाडलं. पट्टा एकच. पाणीही तेच."

त्यांनी मान वळवून जुन्या विहिरीकडे पाहिलं. पलीकडे शेवटचा ट्रक रिकामा होत होता.

"मग माजी इहीर बुजली न्हाई म्हना."

हातातलं पेढ्यांचं ताट मी खाली ठेवलं. आयुष्यभर लोकांच्या बोलण्यात चुका काढत आलेला मी माणूस. या वाक्यात मला एकही काढता आली नाही.

"न्हाई," मी म्हणालो. "बुजली न्हाई."